भाज्यांचा ज्यूस, कमी साखर आणि फायबर: रोजच्या जेवणात जमवायचं कसं?

दादरकरीण:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, सांभाळून घ्या.

बाबा ६८ वर्षांचे. मागच्या तपासणीत एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, इतक्यात गोळी नको, आहार आणि चालणं सांभाळा. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की भात बंद, पोळी एकच, फळं पूर्ण बंद, चहा बिनसाखरेचा. आणि भाज्यांसाठी म्हणून सकाळी शिवाजी पार्कच्या फेऱ्या झाल्या की ज्यूस. दुधी, कारलं, पालक, गाजर-बीट, त्या दिवशी जे असेल ते. आता घरीही कोल्ड प्रेसचं (भाजी हळूहळू दाबून रस काढायचं) मशीन आलंय, त्यामुळे संध्याकाळचाही एक ग्लास सुरू झालाय.

साखर थोडी उतरलीय, त्याचा आनंद आहे. पण पोट साफ होत नाही, दिवसभर जड वाटतं, आणि जेवून दोन तासांत पुन्हा भूक लागते. "एवढ्या भाज्या पोटात जातायत, मग फायबर कमी कसं?" हा त्यांचा प्रश्न.

मला वाटतं उत्तर ओट्यावरच दिसतं. अर्धा किलो गाजरं आणि एक बीट मशीनमध्ये घातलं की एका नळीतून ग्लासभर रस येतो आणि दुसऱ्या तोंडातून वाडगाभर कोरडा, केशरी चोथा. तो चोथा थेट ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातो. बाबांना जे हवंय ते त्या डब्यात चाललंय असं माझं ठाम मत आहे. पण मी सांगितलेलं त्यांना पटत नाही, त्यांना नीट आकडे लागतात. जाणकारांनी कृपया लिहा. साखर कमी ठेवून फायबर पुरेसं कसं मिळवायचं, ज्यूस पूर्ण सोडायचा का, आणि त्या चोथ्याचं काही करता येतं का?

*

आहारतज्ज्ञ_परळ:

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. बाबांना आकडे हवेत तर आकड्यांपासूनच सुरू करू.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय की प्रौढ माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर घ्यावं, तेही नैसर्गिक अन्नातून, आणि भाज्या-फळं मिळून किमान ४०० ग्रॅम. आता ज्यूस बघा. १०० ग्रॅम कच्च्या गाजरात साधारण ५ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम फायबर असतं. बिटात साखर ७ च्या आसपास, फायबर तेवढंच. पाव लिटर गाजराच्या रसात १० ग्रॅमच्या आसपास साखर उतरते आणि फायबर जेमतेम २ ग्रॅम. बीट आणि सफरचंद घालून तो प्रसिद्ध एबीसी ज्यूस केलात तर एका ग्लासात १५ ते २० ग्रॅम साखर सहज होते, म्हणजे चहाचे चार चमचे. वरून साखर घातली नाही म्हणून ज्यूस बिनसाखरेचा होत नाही.

दुधी, काकडी, पालक, कोथिंबीर यांच्या रसात साखर खूप कमी, त्या बाबतीत बाबांची काळजी मिटते. पण फायबर तिथेही गाळणीवरच राहतं. कोल्ड प्रेस असो की वेगाने फिरणारा जुना ज्यूसर, दोघांचं काम एकच, रस वेगळा करायचा आणि चोथा वेगळा.

आता पोट का बिघडलं ते. बाबांनी भात बंद केला, त्याने फायबर फारसं घटत नाही, कारण पांढऱ्या तांदळात ते मुळात थोडंच असतं. पण पोळी कमी झाली आणि फळं गेली तो मोठा फटका. कणकेत १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, ज्वारी-बाजरीतही १० ते ११. म्हणजे साखरेच्या भीतीने ते जे सोडून बसलेत त्यातच बराचसा चोथा होता. दूध, दही, पनीर, अंडी, मासे यात फायबर शून्य. त्यामुळे 'कार्ब कमी' करताना ताटात उरतं ते बहुतेक बिनचोथ्याचं.

फायबर साखरेच्या बाबतीत काय करतं तेही त्यांना सांगा. विरघळणारं फायबर (मेथीदाणे, भेंडी, गवार, ओट्स, इसबगोल, डाळी) पोटात पाण्याबरोबर बुळबुळीत होतं. त्यामुळे अन्न जठरातून हळू पुढे सरकतं आणि साखर रक्तात एकदम न चढता सावकाश चढते. न विरघळणारं (कोंडा, साली, पालेभाज्यांचे देठ) मळाला आकार देतं, आतडं हलतं ठेवतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू यातलं काही आंबवतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यावर आतड्याचं अस्तर जगतं. ग्लासभर रस दोन मिनिटांत पिऊन होतो. तीच गाजरं चावून खायची तर जेवणाचा बराच वेळ जाईल आणि पोटही भरेल. दोन तासांनी लागणाऱ्या भुकेचं कारण हेच.

ज्यूस पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा नियम मला व्यवहारी वाटतो: फळाचा किंवा भाजीचा रस दिवसाला १५० मिलीपर्यंत, आणि कितीही प्यायलात तरी तो दिवसातली भाजीची एकच वाढणी धरायची. बाबांनी सकाळचा अर्धा ग्लास ठेवावा, कमी साखरेच्या भाज्यांचा. संध्याकाळचा बंद करून त्या जागी चावायचं काहीतरी.

*

निवृत्त_शिक्षक:

मॅडम, माहिती उत्तम, पण थोडी दुसरी बाजूही मांडतो. माझे वरचे दात गेलेत, कवळी नीट बसत नाही. मुळा, गाजर, काकडी चावणं मला शक्य नाही. ज्यूस सुरू केल्यापासून निदान पालक आणि दुधी तरी पोटात जातो. माझ्यासारख्या माणसाने काय करायचं? सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आमच्या कंपूत निम्मे लोक असेच आहेत. त्यांना "चावून खा" सांगून उपयोग नाही.

*

आहारतज्ज्ञ_परळ:

सर, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि पहिल्या प्रतिसादात यायला हवा होता. चावता येत नसेल तर शिजवा आणि वाटा, फक्त गाळू नका. दुधी, लाल भोपळा, पालक, मूठभर मूगडाळ कुकरला लावून मिक्सरमधून काढलं, वर जिरं-लसणाची फोडणी दिली की दाट सार होतं. वाटल्याने फायबरचे कण बारीक होतात, नाहीसे होत नाहीत. काकडी-गाजर बारीक किसणीवर किसून दह्यात कालवा. मऊ भाकरी आमटीत कुस्करून खा. पालेभाजी डाळ घालून गरगट करा. पिकलेला पेरू अगदी मऊ असेल तर चमच्याने खाता येतो. यातलं बरंच काही आपल्या आज्या दात गेल्यावर करतच होत्या.

*

निवृत्त_शिक्षक:

गाळायचं नाही, हे लक्षात ठेवतो. आभार.

*

मंडईत_उभा:

भाजीच्या धंद्यात आमचं घर तीन पिढ्या आहे, म्हणून एकच गोष्ट सांगायला लॉगिन केलं. दुधीचा रस पिणाऱ्यांनी कृपया वाचा.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा ही सगळी एकाच कुळातली. यांच्यात कधीकधी क्युकरबिटासिन नावाचं कडू विष वाढतं. बाहेरून दुधी अगदी छान, कोवळा, हिरवागार दिसतो. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यामुळे मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. त्यांनी सांगितलेलं साधं आहे: रस काढण्याआधी दुधीचा एक तुकडा कापून जिभेवर ठेवा. जराही कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या. कडू रस "औषध आहे" म्हणून घोटभरही पिऊ नका. दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बागेबाहेर रस विकणाऱ्यांच्या कॅनमध्ये दुधी-कारलं सर्रास एकत्र मिळतं. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा कळणार कसा? प्यायल्यावर पोटात कळ, उलट्या, जुलाब, चक्कर असं काही झालं तर घरी लिंबूपाणी पीत बसू नका, तडक रुग्णालयात जा. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही, लक्षणं बघून उपचार करावे लागतात, त्यामुळे वेळ महत्त्वाची.

शिजवलेली भाजी कडू लागली तरी तोच नियम. टाकायची.

*

दादरकरीण:

बापरे. बाबांचा सोमवारचा ज्यूस नेमका दुधी-कारल्याचाच असतो. आजपासून बंद. मनापासून आभार.

*

सायनहून:

अजून एक सावधगिरी. माझ्या भावाला मुतखड्याचा त्रास. डॉक्टरांनी पालक आणि बिटाचा कच्चा रस कडक मना केला. दोन्हीत ऑक्झलेट (ज्यापासून मुतखडा बनतो ते) भरपूर असतं. भाजी म्हणून माणूस वाटीभर पालक खातो, तीही शिजवून. रसात एकावेळी दोन जुड्या कच्च्या जातात आणि रोज जातात. असे रस खूप प्यायल्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्यात.

ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांना भाज्यांच्या रसातलं पोटॅशियमही झेपत नाही. आणि रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचा रस अचानक सुरू किंवा बंद करू नये, व्हिटॅमिन के मुळे गोळीचं गणित बिघडतं. बाबांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) एकदा बघून घ्या.

*

विरार_फास्ट:

बाबांसारख्यांना घरी गरम भाकर मिळते, माझ्यासारख्या सकाळी ७ ची गाडी पकडणाऱ्यांनी काय करावं? मलाही साखर कमी करायला सांगितलंय. ऑफिसच्या खाली वडापाव, इडली, सँडविच आणि ज्यूस सेंटर, एवढंच. 'हाय फायबर' लिहिलेली डायजेस्टिव्ह बिस्किटं ड्रॉवरमध्ये ठेवतो. ती चालतील का?

*

घाटावरची_भाकर:

@विरार_फास्ट, बिस्किटाचा पुडा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅमला ६ ग्रॅम फायबर असलं की 'हाय फायबर' लिहिता येतं. १०० ग्रॅम म्हणजे जवळपास अख्खा पुडा. दोन बिस्किटांतून तुम्हाला ग्रॅमभर मिळेल, सोबत मैदा, साखर आणि तेल. त्यापेक्षा मूठभर फुटाणे सालासकट ठेवा. हरभरा फायबरचा राजा आहे.

डब्याचं म्हणाल तर उसळ. मटकी, मूग, चवळी, वाल, कुळीथ, आठवड्याचे वार लावून घ्या. रविवारी दोन कडधान्यं भिजवून मोड आणून फ्रिजमध्ये ठेवली की गुरुवारपर्यंत चिंता नाही. मुंबईच्या दमट हवेत बाहेर ठेवू नका, एका रात्रीत बुळबुळीत होतात. डब्यात उसळ, एक भाकरी आणि कापलेली काकडी. भाकरी कडक होते अशी तक्रार असेल तर पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढून मळा आणि थापल्यावर लगेच फडक्यात गुंडाळा, दुपारपर्यंत मऊ राहते.

आता @दादरकरीण, तुमच्या चोथ्याचं. तो टाकू नका हो! आमच्याकडे तो भाजणीत जातो. दोन वाट्या थालीपिठाची भाजणी, एक वाटी गाजर-दुधीचा चोथा, एक बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची ठेचून, ओवा, तीळ, हळद, मीठ. चोथा कोरडा असतो, म्हणून पीठ नेहमीपेक्षा सैल भिजवायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं, तेवढ्यात तो पाणी पितो आणि पीठ बरोबर होतं. ही दहा मिनिटं टाळली तर थालीपीठ थापताना कडा फाटतात. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे एक आणि बाजूने चार भोकं, प्रत्येकात थेंब-थेंब तेल, झाकण ठेवून मंद आचेवर. खालून चर्र आवाज थांबला आणि खरपूस वास आला की उलटायचं. बिटाचा चोथा असेल तर रंग लाल येतो, लहान मुलं आनंदाने खातात.

चोथा त्याच दिवशी वापरा नाहीतर डब्यात भरून फ्रीझरला टाका. सकाळचा चोथा संध्याकाळी बाहेर राहिला तर आंबतो. कारल्याचा चोथा मात्र यात नको, त्याची चण्याचं पीठ पेरून परतलेली भाजी करा.

*

मालवणी_तिखट:

चोथ्यावरून आठवलं. आम्ही मासे खाणारी माणसं, ताटात बांगडा, भात आणि सोलकढी. फायबर बघायला गेलं तर काहीच नाही. आणि सोलकढीसाठी नारळ वाटून, पिळून दूध काढलं की राहिलेला चोथा आपण फेकतो. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला ९ ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, आणि ते बहुतेक त्या चोथ्यातच राहतं.

माझी आई तो तव्यावर कोरडा भाजून, त्यात लसूण, सुकी मिरची, चिंच घालून चटणी वाटायची. मी गवारीच्या आणि फरसबीच्या भाजीत पेरते. शिवाय माशाच्या जेवणासोबत एक सुकी भाजी हवीच असा आता घरात नियमच केलाय. पावसाळ्यात तर मुंबईसारखी चैन नाही. बोरिवली, वसई-विरार, दादर स्टेशनबाहेर आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी अशा रानभाज्या घेऊन बसतात. चोथा भरपूर, साखर जवळजवळ नाही, शेतात खत-फवारणीही नाही. जूनपासून जे मिळेल ते घ्या आणि कशी करायची ते त्यांनाच विचारा, त्या हौसेने सांगतात. शेवळं आणि काही पाने घशाला खाजतात, त्यात आंबट काय घालायचं हे त्यांच्याकडूनच कळतं.

*

दादरकरीण:

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना हा धागा मोठ्या अक्षरात उघडून दिला. दुधी-कारल्याचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला आणि त्यांच्या चालण्याच्या ग्रुपवर पाठवला. थालीपीठ केलं, दह्याबरोबर खाल्लं, आवडलं. संध्याकाळचा ज्यूस बंद करायला तयार झालेत.

आता त्यांचा प्रश्न: "दिवसाचा हिशेब लिहून द्या, किती होतंय बघू." आणि इसबगोल रोज घेतलं तर बाकी खटाटोप कशाला, असंही विचारतायत. फळाला अजून घाबरतात.

*

आहारतज्ज्ञ_परळ:

हिशेब देते, आकडे अंदाजे धरा.

ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या, साधारण ८० ग्रॅम पीठ, ८ ग्रॅम. एक वाटी मुगाची किंवा मटकीची उसळ (कोरडं कडधान्य ३० ग्रॅम) ५ ग्रॅम. गवार, भेंडी किंवा मेथी, दोन्ही जेवणांत मिळून १५० ग्रॅम, ६ ग्रॅम. काकडी-टोमॅटो-गाजराची कोशिंबीर २. एक मध्यम पेरू ५. दोन चमचे जवसाची चटणी अडीच. बेरीज २८ च्या वर जाते. यात ज्यूसचा एक थेंब नाही, वरून घातलेली साखरही नाही, आणि सगळं दादरच्या मंडईत मिळतं.

पण आज १० वरून उद्या २८ वर उडी मारू नका. गॅस होईल, पोट फुगेल आणि बाबा म्हणतील फायबर मानवत नाही. आधी एक आठवडा फक्त उसळ वाढवा, मग कोशिंबीर, मग भाकरी. पाणी वाढवायलाच हवं, मुंबईच्या घामात तर जास्तच. कोरडा चोथा पाण्याशिवाय बद्धकोष्ठ वाढवतो. जेवताना आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, भाकरी-भात शेवटी. या क्रमाने जेवल्यावर जेवणानंतरची साखर कमी चढते असं अभ्यासांत दिसलंय, आणि त्याला खर्च काहीच नाही.

इसबगोल चांगलंच आहे. मोठ्या चमच्यात ३ ते ४ ग्रॅम फायबर मिळतं, बहुतेक विरघळणारं. पण त्यात उसळीतली प्रथिनं नाहीत, भाजीतली जीवनसत्त्वं नाहीत. भर म्हणून घ्या, मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या. घट्ट झाल्यावर गिळू नका, घशात अडकतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर ठेवा, आणि थायरॉईडची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून जास्त. मळातून रक्त जात असेल किंवा वजन कारण नसताना उतरत असेल तर इसबगोलवर वेळ काढू नका, तपासून घ्या.

*

दादरकरीण:

थायरॉईड आईला आहे, तिला सांगते. फळाचं तेवढं राहिलं. बाबांनी पेरू खायचा तर कधी? आणि बिया टोचतात म्हणतात.

*

आहारतज्ज्ञ_परळ:

जेवणावर लगेच नको. चारच्या सुमाराला, ज्या वेळी ते दुसरा ज्यूस घ्यायचे त्या वेळी. एकच, मध्यम, सालीसकट, फार पिकलेला नाही. बिया टोचत असतील तर मधला गर चमच्याने काढून टाका, बाहेरचा भाग आणि साल खाल्ली तरी चालेल. वर मीठ-तिखट लावायचं तर मीठ बेताने, त्यांचं बीपी किती असतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. पहिल्या दिवशी पेरू खायच्या आधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा, आकडा समोर दिसला की त्यांची भीती त्यांचीच जाईल.